राणीचे संगीतगुरू : दोमेनिको स्कार्लाती

पाश्चात्य संगीताच्या इतिहासात १६८५ हे साल भाग्याचे मानले जाते. त्या एकाच वर्षी फेब्रुवारी महिन्यात जर्मनीतील हाले गावी हँडल, मार्चमध्ये आयझेनाख येथे योहान सेबास्टियन बाख आणि २६ ऑक्टोबर रोजी इटलीतील नेपल्स नगरीत दोमेनिको स्कार्लाती यांचा जन्म झाला. यांपैकी पहिल्या दोघांची नावे आपल्या चर्चमधील गायनवृंदांनाही परिचयाची आहेत. नाताळच्या सुमारास हँडलच्या ‘मसीहा’तील एखादे समूहगान आपण ऐकलेले असते. तिसऱ्याचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी घेतो. वस्तुतः संत पेत्रुस महामंदिराच्या गायनवृंदाचे नेतृत्व करण्याचा मान या तिघांपैकी फक्त दोमेनिको यांनाच लाभला होता. तो मान त्यांनी स्वतःहून सोडला आणि उर्वरित आयुष्य मुख्यतः एका राजकन्येला वादन शिकविण्यात घालविले. हा त्याग होता की करंटेपणा, असा प्रश्न त्यांच्या चरित्राकडे पाहताना पुन्हा पुन्हा पडतो.

दोमेनिको हे दहा भावंडांतील सहावे अपत्य. वडील आलेस्सांद्रो स्कार्लाती हे त्या काळातील इटलीचे अग्रगण्य संगीतकार होते. संगीतिका, मिस्सासंगीत, स्तोत्रे असे सर्व प्रकार त्यांनी विपुल प्रमाणात हाताळले होते. घरात काका, आत्या, भावंडे असे सगळेच गाणारे-वाजविणारे. अशा घरात मुलाचा मार्ग ठरलेलाच असतो. सप्टेंबर १७०१ मध्ये, वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच, दोमेनिको यांची नेपल्सच्या राजप्रार्थनालयात ऑर्गनवादक व संगीतरचनाकार म्हणून नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी वडील त्यांना फ्लॉरेन्सला घेऊन गेले. तेथील राजपुत्र फेर्दिनांदो दे मेदिची यांच्या पदरी त्या वेळी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाचे कारागीर होते. आज आपण ज्याला पियानो म्हणतो ते वाद्य या क्रिस्तोफोरींनी तेथेच, त्याच काळात घडविले.

परंतु दोमेनिको यांचे वाद्य पियानो नव्हे, तर हार्प्सिकॉर्ड. ज्यांनी ते कधी ऐकलेले नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्या चर्चमधील ऑर्गन किंवा घरातील हार्मोनियम हवेवर वाजतो. पियानोत लहानशी हातोडी तारेवर आघात करते. हार्प्सिकॉर्डची स्वरपट्टी दाबली की आतील एक उभी लाकडी पट्टी वर उचलली जाते व तिला बसविलेले पक्ष्याच्या पिसाचे टोक तारेला छेडून जाते. सतारिया बोटातील नखीने तार छेडतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे प्रत्येक स्वराला स्वतंत्र नखी आहे. बोट हळू दाबा वा जोराने, आवाज जवळजवळ सारखाच येतो. त्यामुळे ज्याला या वाद्यावर हसायचे, रडायचे, रागवायचे असेल, त्याला ते सारे लयीतून, स्वरांच्या दाटीतून आणि मधल्या शांततेतून साधावे लागते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा आवाज किणकिणाटी वाटतो. कानाला त्याची सवय होण्यास थोडा अवकाश द्यावा लागतो.

१७०५ मध्ये आलेस्सांद्रो यांनी मुलाला व्हेनिसकडे रवाना केले. त्या वेळी त्यांनी फेर्दिनांदो दे मेदिची यांना पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. मुलाच्या पंखांत आता बळ आले आहे, त्याला घरट्यात अडकवून ठेवणे बरे नव्हे, अशा आशयाचे ते पत्र आहे. वाचताना या पित्याविषयी आदर वाटतो. पण पुढील बारा वर्षांत याच पित्याने मुलाच्या प्रत्येक निर्णयात हात घातला, हेही तितकेच खरे. नेपल्स नको, रोम नको, व्हेनिसला जा, हे ठरविणाराही बापच होता.

व्हेनिसमधील एक प्रसंग इंग्रज संगीतेतिहासकार चार्ल्स बर्नी यांनी नोंदवून ठेवला आहे. टॉमस रोझिनग्रेव्ह नावाचा एक तरुण आयरिश वादक तेथे शिक्षणासाठी आला होता. एका उमरावाच्या घरी त्याने आपली कला दाखवून शाबासकी मिळविली. नंतर कोपऱ्यात गंभीरपणे उभ्या असलेल्या, काळा पोशाख व काळा टोप घातलेल्या एका तरुणाला वाजविण्याची विनंती करण्यात आली. तो वाजवू लागला आणि रोझिनग्रेव्हला वाटले की वाद्यापाशी माणूस नसून सैतानांची पलटणच बसली आहे. तो इतका खचला की महिनाभर त्याने वाद्याला हात लावला नाही. काळ्या पोशाखातील तो तरुण म्हणजे दोमेनिको. रोझिनग्रेव्ह पुढे त्यांचा जिवलग मित्र झाला आणि अनेक वर्षांनी लंडनमध्ये त्यांच्या रचना प्रसिद्ध करण्यास कारणीभूत ठरला.

यानंतर रोम. १७०९ पासून दोमेनिको पोलंडच्या विधवा राणी मारिया काझिमिरा यांच्या सेवेत होते. १६८३ साली व्हिएन्ना नगरीचे तुर्कांपासून रक्षण करणारे राजे यान सोबिएस्की यांच्या त्या पत्नी. रोममध्ये त्या निर्वासितासारख्या राहत, तरी घरच्या लहानशा रंगमंचावर संगीतिका करविण्याची त्यांना हौस होती. दोमेनिको यांनी त्यांच्यासाठी अनेक संगीतिका लिहिल्या. त्या वाईट नव्हत्या, पण वडिलांच्या सावलीत लिहिलेल्या होत्या. याच सुमारास कार्डिनल ओत्तोबोनी यांच्या प्रासादात हँडल व दोमेनिको यांची वादनस्पर्धा झाल्याची कथा सांगितली जाते. हार्प्सिकॉर्डवर दोघे तुल्यबळ ठरले, ऑर्गनवर मात्र हँडलची सरशी झाली आणि ती सर्वप्रथम मान्य केली दोमेनिको यांनीच. पुढील आयुष्यात कोणी त्यांच्या वादनाची स्तुती केली की ते हँडलचे नाव घेत आणि आदराने स्वतःवर क्रूसाची खूण करीत, असे हँडलच्या पहिल्या चरित्रकाराने लिहिले आहे. कथेत थोडे मीठमसाला असेल, तरी त्यातून दिसणारा स्वभाव खोटा वाटत नाही.

१७१३ च्या अखेरीस ते संत पेत्रुस महामंदिरातील ‘कापेल्ला जुलिया’ या गायनवृंदाचे साहाय्यक संचालक झाले आणि डिसेंबर १७१४ मध्ये मुख्य संचालक. पोप जुलिअस दुसरे यांनी स्थापन केलेला हा गायनवृंद. सोळाव्या शतकात थोर पालेस्त्रिना यांनी ज्या आसनावरून तो घडविला, त्याच आसनावर आता दोमेनिको विराजमान झाले. त्यांची या काळातली मानली जाणारी एक रचना धार्मिक संगीताच्या रसिकांनी अवश्य ऐकावी. क्रूसाखाली उभ्या असलेल्या दुःखी मातेवरील ‘स्ताबात मातेर’ हे मध्ययुगीन लॅटिन स्तोत्र त्यांनी दहा स्वतंत्र आवाजांत बांधले आहे. दहा आवाज एकमेकांत इतके विणले आहेत की एकाच आईच्या हुंदक्याला दहा कंठ फुटल्यासारखे वाटते. हेच काम त्यांनी आयुष्यभर केले असते तरी चर्चच्या संगीतात त्यांचे नाव आदराने घेतले गेले असते.

मात्र एक कागद वेगळीच हकिगत सांगतो. जानेवारी १७१७ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, दोमेनिको यांनी पित्याकडून कायदेशीर स्वातंत्र्याचा दस्तऐवज करवून घेतला. संत पेत्रुस महामंदिराच्या संगीतसंचालकाला बापाच्या अधिकारातून मुक्त होण्यासाठी वकिली कागद लागावा, ही गोष्ट मन विषण्ण करणारी आहे. आपल्याकडेही थोर बापाच्या कर्तबगार मुलांची अशी घुसमट आपण पाहतो. फक्त तिचे कागद होत नाहीत.

दोन वर्षांनी, १७१९ च्या उत्तरार्धात, त्यांनी महामंदिराचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षाअखेर ते लिस्बनला पोहोचले. पोर्तुगालचे राजे दों जुआंव पाचवे यांनी त्यांना आपल्या पदरी घेतले होते. हे नाव वसईकर व गोवेकर वाचकांना परके नसावे. १७०६ ते १७५० या काळात गोव्यावर, आणि १७३९ पर्यंत वसईवरही, याच राजाची सत्ता होती. ब्राझीलमधील सोन्याच्या खाणींनी त्यांची तिजोरी भरून वाहत होती आणि लिस्बनला दुसरे रोम बनविण्याचा त्यांनी ध्यास घेतला होता. १७१६ साली त्यांच्या राजप्रार्थनालयाला पोप क्लेमेंट अकरावे यांच्याकडून पॅट्रिआर्कच्या पीठाचा दर्जा मिळाला. तेथील उपासना रोमसारखीच व्हावी म्हणून रोममधील गायक भरघोस वेतनावर आणले गेले. दोमेनिको हे त्या संगीताचे प्रमुख. लिस्बनमध्ये त्यांनी रचलेले बहुतेक संगीत आज उपलब्ध नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक मिस्सासाठी चर्चमध्ये जमलेले असताना झालेल्या महाभयंकर भूकंपात राजवाड्यासह राजग्रंथालय नष्ट झाले व त्यातील संगीतही गेले.

लिस्बनमध्ये त्यांच्याकडे आणखी एक काम होते. राजाचे धाकटे बंधू दों आंतोनिओ आणि राजकन्या मारिया बार्बारा यांना संगीत शिकविणे. कार्लूश सैशाश नावाचा एक तरुण पोर्तुगीज ऑर्गनवादक तेथे होता. दों आंतोनिओ यांनी त्याला शिकवणीसाठी दोमेनिको यांच्याकडे पाठविले, तेव्हा त्याचे वादन ऐकून, याने माझ्याकडे नव्हे तर मीच याच्याकडे शिकावे, असा अभिप्राय त्यांनी दिल्याचे सांगतात. हँडलच्या कथेतला माणूस येथेही तोच आहे.

राजकन्या त्या वेळी आठ वर्षांच्याही नव्हत्या. ही शिष्या पुढे हौसेने शिकणारी राजघराण्यातील मुलगी राहिली नाही, तर असामान्य वादक झाली. तिच्यासाठी लिहिलेले संगीत आज निष्णात कलावंतांची दमछाक करते, यावरूनच तिच्या तयारीची कल्पना यावी.

१७२५ मध्ये आलेस्सांद्रो यांचे नेपल्स येथे निधन झाले. १७२८ साली रोममध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, दोमेनिको यांनी मारिया कातेरिना जेंतिली या सोळा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. लगेच पुढल्या वर्षी, जानेवारी १७२९ मध्ये, स्पेन व पोर्तुगाल यांच्या सीमेवरील काया नदीवर बांधलेल्या मंडपात दोन राजघराण्यांनी आपापल्या राजकन्या एकमेकांना दिल्या आणि मारिया बार्बारा स्पेनचे युवराज फेर्नांदो यांच्या पत्नी झाल्या. देवीच्या व्रणांनी त्यांचा चेहरा विद्रूप झाला होता आणि त्यांना प्रथम पाहताच युवराजांचा चेहरा उतरला, असे तेथे हजर असलेल्यांनी लिहून ठेवले आहे. तो विवाह पुढे अतिशय प्रेमाचा ठरला. दोघांनाही संगीताचे वेड होते. राजकन्येबरोबर सासरी जे गेले त्यांत तिचे गुरूही होते.

पहिली चार वर्षे दरबार सेव्हिल नगरीत होता. मला वाटते, दोमेनिको यांच्या आयुष्यातील खरे वळण रोम सोडण्यात नव्हते, ते येथे होते. अंदालुसियाच्या या शहरात त्यांच्या कानांवर जे पडले ते कोणत्याही इटालियन प्रार्थनालयात ऐकू येणारे नव्हते. रस्त्यावरचे गिटारवादक, टाचांच्या ठेक्यावर चाललेली नृत्ये, खेचरे हाकणाऱ्यांची गाणी, अरबी वळणाचे लांबलेले स्वर. आणि पवित्र सप्ताहात दुःखसहनाच्या मूर्ती खांद्यावर घेऊन निघणाऱ्या, ढोलाच्या संथ ठोक्यावर पुढे सरकणाऱ्या मिरवणुका. हे सारे त्यांच्या हार्प्सिकॉर्डमध्ये शिरले. गिटारवादक एकदम सगळ्या तारा खरडतो तेव्हा न जुळणारे स्वरही सोबत वाजतात. ती ठसठस त्यांनी स्वरपट्ट्यांवर आणली. शास्त्राप्रमाणे ते चूक होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अलेस्सांद्रो लोंगो यांनी या रचनांची मोठी आवृत्ती काढली तेव्हा अशा अनेक जागा त्यांनी चुका समजून दुरुस्त केल्या. नंतरच्या अभ्यासकांना त्या दुरुस्त्या पुन्हा काढून टाकाव्या लागल्या.

१७३३ मध्ये दरबार माद्रिदला परतला आणि ऋतुमानाप्रमाणे आरांखुएझ, ला ग्रान्हा, एल् एस्कोरिआल अशा राजवाड्यांतून फिरू लागला. सावत्र सासू इसाबेल फार्नेसे यांनी युवराज दांपत्याला राजकारणापासून व समारंभांपासून दूर ठेवले होते. त्यांना अपत्यही नव्हते. त्या एकाकी दालनांत वेळ भरून काढणारे एकच साधन होते. १७३७ साली विख्यात गायक फारिनेल्ली स्पेनमध्ये आले व रोज रात्री तीच मोजकी गाणी म्हणून राजे फेलिपे पाचवे यांच्या खिन्न मनाला विसावा देऊ लागले. फारिनेल्लींना मानसन्मान मिळाले, सत्ता मिळाली. दोमेनिको मात्र दालनाच्या आतच राहिले. दरबारच्या कागदपत्रांत त्यांचे नाव फारसे आढळत नाही.

जगाला त्यांचे काम प्रथम दिसले ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. एप्रिल १७३८ मध्ये राजे दों जुआंव यांनी त्यांना संत याकोबाच्या नावे असलेल्या ‘सांतियागो’ संघाचे सरदारपद बहाल केले. त्याची कृतज्ञता म्हणून त्यांनी तीस रचनांचा ग्रंथ लंडनमध्ये छापून घेऊन राजाला अर्पण केला. ‘एसेरचित्सी’, म्हणजे सरावपाठ, असे त्याचे साधे नाव. प्रस्तावनेत त्यांनी वाचकाला सांगितले आहे की यात गहन पांडित्य शोधू नये, कलेचा हा एक चतुर खेळ समजावा आणि आनंदात असावे. आयुष्यभर थोर बापाच्या पांडित्याखाली वावरलेल्या माणसाने हे लिहावे, यातली मोकळीक लक्षात घेण्याजोगी आहे.

त्यानंतरचा मे महिना मात्र क्रूर ठरला. ६ मे १७३९ रोजी आरांखुएझ येथे पत्नी कातेरिना यांचे निधन झाले. मागे पाच मुले, त्यांतील सर्वांत मोठा जेमतेम दहा वर्षांचा. योगायोग असा की त्याच मे महिन्यात इकडे चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला आणि ज्या राजाला तो ग्रंथ अर्पण झाला होता त्याच्या हातून वसई कायमची गेली. पुढे दोमेनिको यांनी कादिस येथील आनास्तासिया माक्सार्ती यांच्याशी दुसरा विवाह केला व त्यांना आणखी चार मुले झाली. नऊ मुलांपैकी एकही संगीतकार झाला नाही. पित्याने त्यांना त्या वाटेला ढकलले नसावे, असे मी समजतो.

१७४६ मध्ये फेर्नांदो राजे व मारिया बार्बारा राणी झाल्या. राणीच्या निरनिराळ्या राजवाड्यांत मिळून बारा वाद्ये होती. त्यांत पाच पियानो होते. पण त्यांपैकी दोघांचे पुन्हा हार्प्सिकॉर्डमध्ये रूपांतर करविण्यात आले होते! गुरू-शिष्येची आवड कशाकडे होती हे यावरून कळते. फारिनेल्ली यांनी उतारवयात बर्नी यांना जे सांगितले त्याप्रमाणे दोमेनिको यांना जुगाराचे व्यसन होते. कर्ज वाढत जाई आणि राणी वेळोवेळी ते फेडीत असे. संतचरित्राच्या नजरेने पाहणाऱ्यास हे रुचणार नाही, पण ते लपविण्याचेही कारण नाही.

१७५२ पासून त्यांच्या प्रकृतीने साथ सोडली. त्याच वर्षापासून राणीसाठी त्यांच्या रचनांच्या सुवाच्य नकला करण्याचे काम झपाट्याने सुरू झाले. १७५७ पर्यंत तेरा खंड तयार झाले. आधीचे दोन धरून पंधरा, आणि त्यांत ४९६ रचना. लाल चामड्याची बांधणी व त्यावर स्पेन-पोर्तुगालची सोनेरी राजचिन्हे असलेले हे खंड आज व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयात आहेत. अशाच पंधरा खंडांचा दुसरा संच पार्मा येथे आहे. दोमेनिको यांच्या स्वतःच्या हातची या रचनांची एकही प्रत उरलेली नाही. या खंडांमागे राणीचा आग्रह होता की म्हाताऱ्या गुरूची घाई, हे कोणी सांगू शकत नाही. पण ते झाले नसते तर आज आपल्याजवळ त्या छापील तीस रचना आणि आणखी थोडे काही, एवढेच राहिले असते.

याच शेवटच्या वर्षांत एल् एस्कोरिआल मठातील हिएरोनिमाइट संघाचे तरुण धर्मगुरू आंतोनिओ सोलेर यांनी त्यांच्याकडे शिक्षण घेतले. मठाची घंटा, उपासना व गायनवृंद सांभाळून सोलेर यांनीही पुढे हार्प्सिकॉर्डसाठी विपुल लिहिले. गुरूचा ठसा त्यात स्पष्ट दिसतो. दोमेनिको स्वतः अखेरीस पुन्हा चर्चच्या संगीताकडे वळले. राजप्रार्थनालयाच्या १७५४ च्या हस्तलिखितात त्यांची चार आवाजांची एक मिस्सा आहे, पालेस्त्रिनांच्या जुन्या शिस्तीत लिहिलेली. पवित्र मरियेच्या चरणी वाहिलेली ‘साल्वे रेजिना’ ही त्यांची अंतिम रचना मानली जाते.

२३ जुलै १७५७ रोजी माद्रिद येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. सान नोर्बेर्तो मठात त्यांचे दफन झाले. एकोणिसाव्या शतकात तो मठ पाडण्यात आला आणि कबरीची खूणही उरली नाही. वर्षभराने, ऑगस्ट १७५८ मध्ये, राणी वारल्या. आपला संगीतग्रंथसंग्रह व तीन उत्तम वाद्ये त्यांनी मृत्युपत्राने फारिनेल्ली यांना दिली. त्यांच्याबरोबर ती इटलीला गेली म्हणूनच ते लाल खंड १८३५ साली व्हेनिसच्या ग्रंथालयात पोहोचू शकले.

यानंतर जवळजवळ दोन शतके दोमेनिको हे पियानोच्या विद्यार्थ्यांना बोटे तयार करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या थोड्या तुकड्यांचे कर्ते म्हणून ओळखले गेले. त्यांना त्यांचे वाद्य परत मिळवून दिले ते वॉर्सात जन्मलेल्या वांदा लांदोव्हस्का यांनी. हार्प्सिकॉर्ड केवळ संग्रहालयाची शोभा होऊन बसले असताना या बाईंनी पॅरिसमध्ये ते पुन्हा वाजते केले. १९४० साली, युद्ध सुरू असताना, त्या तेथे स्कार्लाती यांच्या रचनांचे ध्वनिमुद्रण करीत होत्या. ४९० क्रमांकाची रचना चालू होती. या रचनेत सेव्हिलच्या पवित्र सप्ताहातील मिरवणुकीचा ढोल वाजतो, असे जाणकार सांगतात. वादन मध्यावर असताना बाहेर विमानवेधी तोफा धडाडू लागल्या. लांदोव्हस्का थांबल्या नाहीत. त्या ध्वनिमुद्रिकेत मिरवणुकीच्या ढोलामागे खऱ्या तोफांचे आवाज आजही ऐकू येतात. त्याच जूनमध्ये पॅरिस पडले. यहुदी वंशाच्या लांदोव्हस्का यांना पळ काढावा लागला आणि नाझींनी त्यांच्या घरातील वाद्ये व ग्रंथ लुटून नेले.

अमेरिकन हार्प्सिकॉर्डवादक राल्फ कर्कपॅट्रिक हे त्यांचेच विद्यार्थी. युद्धानंतर चरित्राच्या शोधात माद्रिदला गेले असता त्यांनी सहज टेलिफोनची डिरेक्टरी उघडून स्कार्लाती हे नाव शोधले, आणि ते सापडले! दोमेनिको यांचे वंशज त्याच शहरात राहत होते व त्यांनी घराण्याची कागदपत्रे जपून ठेवली होती. १९५३ मध्ये कर्कपॅट्रिक यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी निश्चित केलेली एकूण संख्या ५५५, आणि त्यांचेच क्रमांक आज जगभर वापरले जातात.

पियानोवर या रचना वाजवाव्यात की नाही, हा वाद रंगतो. मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. व्लादिमिर होरोविट्झ यांची १९६०च्या दशकातील पियानोची ध्वनिमुद्रणे ऐकली की वाद बाजूला राहतो. साठ वर्षांनंतर एप्रिल १९८६ मध्ये ते मायभूमीत, मॉस्कोत वाजविण्यास गेले तेव्हा त्यांनी आरंभ केला तोही स्कार्लाती यांच्या तीन रचनांनी.

परंतु सर्वांत मोठे काम स्कॉट रॉस या अमेरिकेत जन्मलेल्या व फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या तरुणाचे. स्कार्लाती यांच्या त्रिशताब्दीनिमित्त फ्रान्सच्या आकाशवाणीसाठी त्यांनी जून १९८४ ते सप्टेंबर १९८५ या पंधरा महिन्यांत सर्वच्या सर्व ५५५ रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्या चौतीस सीडींवर निघाल्या. असे काम त्यापूर्वी कोणीही एकट्याने केले नव्हते. काही रचनांत घाई जाणवते, हे मान्य करावे लागेल. पण एकामागून एक खंड ऐकत गेले की एका माणसाचे मन दिवसागणिक उघडत जाताना दिसते, आणि तो लाभ निवडक पंधरा-वीस रचनांच्या सीडीतून मिळत नाही. १९८९ मध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, एड्सच्या आजाराने रॉस यांचे निधन झाले.

ज्यांना हे संगीत ऐकून पाहायचे आहे त्यांनी एकदम ५५५ कडे जाऊ नये. प्रत्येक रचना तीन-चार किंवा पाच-सहा मिनिटांचीच असते; दोन भाग, आणि प्रत्येक भाग बहुधा दोनदा वाजतो. १४१ क्रमांकात एकच स्वर गिटारसारखा झपाट्याने पुन्हा पुन्हा छेडला जातो. त्याने मुलेही थबकतात. ३८० मध्ये दुरून येणाऱ्या शिंगांचा व मिरवणुकीचा भास होतो. २०८ संथ आहे, संध्याकाळी अंगणात कोणी एकट्यानेच गुणगुणावे तशी. आणि ज्यांना रोममधील तो गायनवृंदाचा संचालक भेटावा असे वाटते, त्यांनी ८७ क्रमांकाची रचना ऐकावी. तीत नृत्य नाही, गिटार नाही. केवळ चार आवाज, एकमेकांना वाट देत, हलक्या पावलांनी चालत राहतात.